पाच धावांचा मोसम

कोकणातल्या घरात क्रिकेट म्हणजे मुंबईचं क्रिकेट. घरटी एक तरी माणूस मुंबईला, त्यामुळे रणजीतला संघही आपसूक मुंबईच. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर पार्थिव पटेलच्या १४३ धावांनी गुजरातला करंडक मिळवून दिला आणि मुंबई हरली, तेव्हा वेळणेश्वरातल्या आमच्या पडवीतही दुखवटाच होता. आदल्याच मोसमात याच मुंबईला एक्केचाळिसावं विजेतेपद मिळवून देणारे चंद्रकांत पंडित यांच्या जागी मग नवा प्रशिक्षक आला. पंडित नागपूरला गेले. त्या वर्षी माझं मन मुंबईबरोबर राहिलं नाही, ते पंडितांच्या मागोमाग विदर्भात गेलं.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि तोवर एकदाही अंतिम फेरीत पोचला नव्हता. म्हणून हा नवख्यांचा संघ होता असं मात्र नाही. जामठ्याचं स्टेडियम होतं, अकादमीत वर्षानुवर्षं घडलेली मुलं होती, उपांत्यपूर्व फेरीही त्यांनी आधी पाहिली होती. कमी होती ती एकाच गोष्टीची. इथवर आलो हेच पुष्कळ, असं मानण्याची सवय सुटत नव्हती. पंडितांचा हात पडला तो या सवयीवर. शिस्तीचा कडकपणा आणि मुंबईच्या मैदानांवर ज्याला खडूसपणा म्हणतात तो, ही त्यांची शिदोरी. संघात वसीम जाफर होताच. आदल्या मोसमात दुखापतीमुळे खेळता आलं नाही म्हणून त्या वर्षी त्याने मानधन घेतलं नाही. कोवळ्या मुलांना यापेक्षा वेगळी शिकवणी कशाला हवी?

गटातले सामने भराभर गेले. पंजाबला डावाने हरवलं, बंगालला दहा गडी राखून. कर्णधार फैज फजलने मोसमात ९१२ धावा काढल्या, त्याचा सलामीचा जोडीदार संजय रामस्वामीने ७७५. सुरतेला उपांत्यपूर्व फेरीत केरळवर ४१२ धावांनी विजय मिळवला. हे आकडे दणदणीत आहेत, पण या मोसमाचा जीव त्यात नाही. तो आहे कोलकात्यात.

ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात विदर्भ १८५ वर गुंडाळला गेला. कर्नाटकाने ३०१ केल्या. अनिर्णित राहिला असता तरी पहिल्या डावाच्या आघाडीवर सामना कर्नाटकाचा होता, म्हणजे जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ काढल्या. कर्नाटकाला हव्या होत्या १९८, आणि चौथ्या दिवसअखेर त्यांचे १११ धावांत सात गडी बाद होते.

२१ डिसेंबरची सकाळ. आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यावर. फोन तिथे टेकवून मी उभा होतो. माडाचं सावट पडद्यावर हलत होतं, आकडा दिसायला हाताचा आडोसा धरावा लागत होता. ८७ हव्या होत्या, त्या कमी कमी होत गेल्या. विनय कुमार ३६ करून गेला. मिथुन आणि श्रेयस गोपाल जमले, सामना निसटला असं वाटेस्तोवर जमले. मिथुन ३३ वर गेला. मग शेवटचा अरविंदही गेला. १९२. पाच धावा! राहिलेले तिन्ही बळी रजनीश गुरबानीचे, डावात सात, सामन्यात बारा. हा मुलगा सिव्हिल इंजिनिअर. आमच्या गावातही इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, तिथली पोरं भेटली की मी त्याचं नाव आजही काढतो.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि मैदान तेच, इंदूरचं होळकर. वर्षभरापूर्वी पंडित जिथून हरून परतले तेच. गुरबानीने पहिल्या डावात ५९ धावांत सहा बळी घेतले, त्यात हॅट्‌ट्रिक. तिघेही त्रिफळाचीत, आणि तिसरा १४५ धावांवर खेळणारा ध्रुव शोरे. रणजीच्या अंतिम सामन्यात याआधी हे केलं होतं एकट्या कल्याणसुंदरमने, १९७२-७३ मध्ये तमिळनाडूकडून. मग यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ काढल्या, प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलंच शतक. विदर्भ ५४७. दिल्लीचा दुसरा डाव २८० वर संपला आणि उरल्या फक्त २९ धावा. चौथ्याच दिवशी, १ जानेवारी २०१८ ला, नऊ गडी राखून करंडक विदर्भाचा झाला. शेवटचे फटके मारायला खेळपट्टीवर जाफर होता.

पुढच्या मोसमात त्यांनी करंडक राखला. त्यानंतरच्या इराणी करंडकाचं बक्षीस पुलवामातल्या शहिदांच्या कुटुंबांना दिलं. २०२२ मध्ये पंडितांनी मध्य प्रदेशालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला, तोही बेंगळुरूच्या त्याच मैदानावर, जिथे १९९९ मध्ये ते स्वतः मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते.

पण माझ्यापुरता तो मोसम १ जानेवारीच्या संध्याकाळीच पुरा झाला. नवीन वर्षाची गर्दी किनाऱ्यावर होती. देवळाजवळ एक गाडी उभी होती, नंबर एमएच ३१, नागपूरची. आजोबा शहाळं पीत होते, नातू ओल्या वाळूचे पाय झटकत होता. दिवसभर समुद्रावर असल्याने त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "आजोबा, आपण जिंकलो."