जुनी मारुती, घरचा पाना

१४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली. १८ जानेवारी २०१४ रोजी या गाडीचं उत्पादन थांबलं. मुंबई, पुणे आणि सोलापुरात तर एप्रिल २०१० मध्येच तिची विक्री बंद झाली होती, कारण भारत स्टेज-४ चे नियम आधी ज्या १३ शहरांना लागू झाले त्यांत ही तिन्ही होती. म्हणजे या शहरांत नवी घेतलेली प्रत्येक ८०० आता पंधरा वर्षांची झाली आहे. ती ठेवायची तर आरटीओत तपासणी, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलंच.

एवढं करून गाडी ठेवणारे लोक आजही आहेत, आणि ते चुकीचं करत नाहीत. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं हे इंजिन इतकं साधं आहे, की बॉनेट उघडलं की बहुतेक भाग नजरेला पडतात. जुनी गाडी मालकाच्या मनातून उतरते ती बहुधा किरकोळ कुरबुरींमुळे. या कुरबुरींपैकी निम्म्याअधिक घरच्या घरी निस्तरता येतात.

सकाळी किल्ली फिरवली आणि नुसताच टक्-टक् आवाज आला, तर बॅटरी गेली असं सगळे म्हणतात. त्याआधी टर्मिनल पाहावेत. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर करंट पुढे जातच नाही. १० नंबरचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचा, मग पॉझिटिव्ह. जोडताना याच्या उलट. हा क्रम महत्त्वाचा, कारण निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने भुकटी घासायची, टर्मिनल कोरडे पुसायचे, जोडायचे आणि वरून व्हॅसलीन लावायचं.

तरीही शंका असेल तर मल्टिमीटर लावावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. तो वर चढलाच नाही, तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या बेल्टचा आहे. अशा वेळी नवी बॅटरी घातली तरी तीही काही दिवसांत उतरणार. एका साध्या मीटरमुळे वाचणारा हा खर्च पाहता, तो प्रत्येक जुन्या गाडीच्या डिकीत असायला हवा.

स्पार्क प्लग तर इंजिनाची प्रकृतीच सांगतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर ते एकेक करून काढावेत, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातंय. आधी एअर फिल्टर बघावा. टोक तेलाने ओलं असेल तर मात्र मेस्त्रीला गाठावं, कारण पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील झिजलेली असू शकतात. प्लग परत बसवताना पहिले काही फेरे हातानेच द्यावेत. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. पाना लावून तिरका दाबला की आटे जातात आणि दहा मिनिटांचं काम भलतंच महागात पडतं.

फ्यूजच्या बाबतीत एक सवय सोडावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी गुंडाळू नये, त्यातून आग लागते. त्याच अँपिअरचा फ्यूज घालावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०.

मराठवाड्यात, सोलापूरकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार आत साचतात, नळ्या चोक होतात आणि मे महिन्यात घाटात गाडी गरम होते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून घालणं हाच खरा उपाय. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

कोकणात शत्रू वेगळा, तो म्हणजे गंज. दाराच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. माती आणि पानांनी ती बुजली की पावसाचं पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून खातं. पावसाळ्यापूर्वी एका काडीने ती मोकळी करावीत, कार्पेट उचलून खालचा पत्रा पाहावा. हरपाल सिंग यांची ती पहिली ८०० सुद्धा त्यांच्या २०१० मधल्या निधनानंतर उघड्यावर गंजत पडली होती. पुढे ती नीट करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवण्यात आली.

सुटे भाग अजून मिळतात. पुण्यात नाना पेठेत चक्कर मारली तरी पुरे. जुना भाग सोबत न्यावा, कारण कार्बोरेटरच्या आणि नंतरच्या एमपीएफआय गाडीचे बरेच भाग वेगळे आहेत.

ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट आणि सीएनजी किट यांना मात्र घरी हात लावू नये. तिथली चूक रस्त्यावर, वेगात असताना उघडी पडते आणि तिची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते. ब्रेक ऑइलची पातळी पाहणं एवढंच मालकाचं काम. ती वारंवार खाली जात असेल तर गाडी तशीच गॅरेजात न्यावी.

आणि ऑइल बदलायला गाडीखाली जायचंच असेल, तर डिकीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो हे लक्षात ठेवा. सपाट जागा, चाकांना उटी आणि बॉडीखाली दोन जॅक स्टँड असल्याशिवाय खाली शिरू नका. काढलेलं काळं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, गटारात ओतू नका.