गुंठाभर जमीन, एक पिक्सेल

सायखेडा हे निफाड तालुक्यातील गोदाकाठचे गाव असल्यामुळे महापूर त्याला अपरिचित नाही. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये नदीचे पाणी सायखेड्यात आणि शेजारच्या चांदोरीत शिरले होते. अशा वेळी पंचनाम्याची गोष्ट निघाली म्हणजे, उपग्रहाने टिपलेले चित्र संगणकावर हवे तेवढे मोठे केले की पाणी कोणाच्या बांधापर्यंत चढले ते उघड दिसेल, अशी समजूत सहज बोलून दाखवली जाते. ती निराधार आहे.

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे कोणासही विनामूल्य मिळतात. त्यांतील सर्वांत सूक्ष्म पिक्सेल जमिनीवरच्या 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद चौकोनाचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा असतो, आणि त्या गुंठ्यात द्राक्षाच्या वेली, बांध व तुंबलेली चारी असे सारे असले तरी चित्राच्या दफ्तरी त्याची नोंद एकाच सरासरी रंगाने होते. जी नोंद मुळात झालीच नाही, ती चित्र मोठे केल्याने प्रकट होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तेथे एखादा रेखीव बांध काढूनही देतील, परंतु तो अनुमानाचा, मोजणीचा नव्हे. हद्दीच्या तंट्यात असले चित्र पुरावा म्हणून पुढे करणे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. 2019 च्या नोव्हेंबरात सोडलेल्या आपल्या कार्टोसॅट-3 चा पिक्सेल सुमारे पाव मीटरचा आहे, म्हणून त्याच गुंठ्याच्या वाट्याला सोळाशे पिक्सेल येतात. तपशील वाढतो तो असा, टिपण्याच्या क्षणीच.

दुसरा गैरसमज छपाईचा. फाइलवर ‘इंचास 300’ हा आकडा घातला की फोटो सुस्पष्ट होतो असे मानतात. वस्तुतः 4000 बाय 3000 पिक्सेलांच्या फोटोवर 72 लिहिले काय नि 300 लिहिले काय, पिक्सेल 1 कोटी 20 लाखच राहतात, तो आकडा केवळ कागदावरचे आकारमान ठरवतो. शिवाय 300 हे मान हातात धरून पाहायच्या कागदाचे आहे, कारण फूटभर अंतरावरून निकोप दृष्टीलाही साधारणतः याहून दाट ठिपके निरनिराळे दिसत नाहीत. 20 फुटांवरून इंचास 15 पुरतात. म्हणून तोच फोटो 10 फूट रुंदीच्या फ्लेक्सवर इंचास 33 पिक्सेलांनी उमटला तरी रस्त्यावरून उत्तम दिसतो.

पुराच्या नुकसानीचे फोटो मात्र मूळ फाइलीतच जतन करावेत, कारण संदेशांतून फिरून आलेल्या प्रतीचे पिक्सेल बहुधा घटलेले असतात.