राजा-राणी, पण लग्नाची नव्हेत

लग्नाच्या वाढदिवसाला हल्ली शुभेच्छा येतात त्या मोबाइलवर, आणि त्यांच्या पाठोपाठ चित्रांची पंगत. केक, पुष्पगुच्छ आणि मधूनच भरजरी पोशाखातले, शेजारी शेजारी बसलेले एक ठेंगणे जोडपे. हे कोण म्हणून आमच्या वहिनींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “अहो भाऊजी, नवरानवरीच की!”

वहिनींचे अगदीच चूक नाही. पण हे जोडपे आहे जपानच्या ‘हिनामात्सुरी’ या सणातले, आणि तो सण आहे मुलींचा. ३ मार्चच्या सुमारास घरात मुलगी असली की तिच्या आरोग्यासाठी, सुखासाठी बाहुल्या मांडतात. लाल कापड घातलेल्या सात पायऱ्या, सगळ्यांत वर हेइआन काळच्या दरबारी वेषातले सम्राट-सम्राज्ञी, खाली ३ दासी, ५ वादक, २ मंत्री आणि ३ सेवक. उरलेल्या पायऱ्यांवर पेट्या, पालख्या, गाड्या असा इवलासा संसार. सेवकांतला एक हसरा, एक रडका, एक रागीट! मोबाइलवरच्या चेहऱ्यांचे हे पणजोबाच म्हणायचे. जागा थोडी असेल तर नुसते वरचे जोडपे मांडूनही भागते.

याचे मूळ मात्र खेळात नाही. कागदाच्या बाहुल्यांवर अंगावरची पीडा उतरवून त्या नदीत सोडीत. काही गावांत आजही सोडतात. आपण ज्याला उतारा म्हणतो तोच हा प्रकार. पुढे बाहुल्या देखण्या झाल्या, महाग झाल्या, आणि मग त्या पाण्यात कोण सोडणार? त्या पेटीत जाऊ लागल्या. तरी जुनी समजूत आहेच: सण सरताच बाहुल्या आवराव्या, नाही तर मुलीचे लग्न लांबते. मुलीच्या सुखासाठी मांडलेल्या बाहुल्यांनाही तिच्या लग्नाची घाई असावी, हे मला काही रुचत नाही.

‘इमोजी’ हा शब्दही जपानीच. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचे नाते नाही. २०१० साली युनिकोडने ही अक्षरे जगभरच्या यंत्रांसाठी ठरवली, तेव्हा या बाहुल्यांनाही त्यांत स्थान मिळाले. मात्र एवढ्याशा चौकटीत मावली ती वरची पायरीच. पंधरांपैकी दोघे आले, नि पाहणाऱ्याला लग्न दिसू लागले. जिच्यासाठी मांडामांड, ती मुलगी मांडणीत कधी नव्हतीच; ती समोर बसून पाहत असते.

शब्दांचा अर्थ वापराने पालटतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. तेव्हा वहिनींशी वाद घातला नाही. मी आपला कुणाला मुलगी झाल्याचे कळले की हेच चित्र पाठवितो. मग बहुधा उत्तर येते, “सर, आमच्या लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात असतो.”