कमलपत्र, काडी आणि काच
(रेखाटनाची साधने : लेखांक सहावा)

गेल्या पाच लेखांकांत कागदाचा पोत, पेन्सिलीची जात, दौत, टाक आणि कुंचला यांचा परामर्श घेऊन झाल्यावर, ज्या साधनाविषयी वाचकांनी सर्वांत अधिक पृच्छा केली त्या अल्पमोलाच्या टॅबकडे आणि त्याच्या काचेवर चालणाऱ्या पेनाकडे आज वळतो. या विषयाचा आरंभ शोधण्यासाठी टिटवाळ्याच्या रहिवाशाला फार दूर जावे लागत नाही. काळू नदीच्या सान्निध्यातील या गावी कण्व मुनींचा आश्रम होता आणि येथील महागणपतीची मूळ प्रतिष्ठापना शकुंतलेच्या हातून झाली, अशी इथली परंपरागत श्रद्धा आहे. कालिदासाने तो आश्रम हिमालयाच्या पायथ्याशी, मालिनीच्या तीरावर वसविला. त्या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयोजन मला वाटत नाही, कारण मला हवी असलेली गोष्ट नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे. लेखनसाहित्य जवळ नाही म्हणून शकुंतला अडते, तेव्हा तिची सखी प्रियंवदा तिला कोवळ्या कमलपत्रावर नखांनी अक्षरे उमटविण्याची तजवीज सुचविते. शाई नाही, लेखणी नाही. केवळ मऊ पृष्ठभाग आणि त्यावर फिरणारे बोटाचे अग्र. हाच प्रसंग पुढे राजा रविवर्म्याने रंगविला. सहाव्या अंकात दुष्यंतापुढे त्याने स्वतः रेखाटलेल्या शकुंतलेचा चित्रफलक आणला जातो, आणि त्या चित्रात अजून नदी यावयाची आहे, हंसांचे जोडपे यावयाचे आहे, वल्कले वाळत घातलेला वृक्ष यावयाचा आहे, असे तो सांगत बसतो. हातात धरून पाहावयाचा आणि सदैव अपुरा राहणारा असा हा फलक मला आजच्या टॅबचा पूर्वज वाटतो.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील एक मुलगी यंदा इंटरमीजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षेस बसणार आहे. तिच्या वडिलांनी शाळेच्या अभ्यासासाठी घेतलेला साधा टॅब आणि बाजारातून आणलेले एक पेन घेऊन ती एका सायंकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, मी हळूहळू काढते तितकी रेष जास्तच थरथरते, आणि पेन दाबलं तरी जाड होत नाही. माझा हातच खराब आहे का?” तिच्या स्थिरचित्राच्या वह्या मी पाहिल्या होत्या, हात उत्तम होता. “अगं, हातात काही दोष नाही,” मी तिला म्हटले, “तुझी काच कशी पाहते ते आधी समजून घेऊ.” तिला जे सांगितले तेच येथे विस्ताराने मांडतो, कारण साधनाची मर्यादा स्वतःच्या माथी मारून घेऊन चित्रकला सोडून देणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्याचे मला मनापासून दुःख होते.

टॅबच्या काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या, विद्युद्वाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या रेघांची एक जाळी पसरलेली असते. आपले शरीर स्वतः विद्युद्वाहक असल्यामुळे बोट काचेजवळ येताच जाळीच्या त्या भागातील विद्युद्भारात किंचित फेर पडतो. आतील यंत्रणा प्रत्येक छेदबिंदूवरील फेर मोजते आणि त्यावरून स्पर्शाचा मध्य कोठे असावा याचा हिशेब करते. दोन रेघांमधील अंतर काही मिलिमीटरांचे असते, त्यामुळे रेषेचा बहुतेक प्रवास छेदबिंदूंवरून न होता त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून होतो आणि तेथील स्थान केवळ अनुमानाने ठरते. या अनुमानात राहिलेली सूक्ष्म चूक जाळीच्या घरागणिक पुन्हा पुन्हा येते, आणि तिरपी रेषा सावकाश ओढली असता तीच चूक लाटेसारखी दिसू लागते. मुलीला दिसलेला कंप तो हाच. वेगाने ओढलेल्या रेषेत या लाटेला उमटण्यास अवसर कमी मिळतो. म्हणून अशा काचेवर मनगट जपून फिरविण्यापेक्षा कोपरापासून हात मोकळा सोडून एका दमात रेषा काढावी. ही जुनी शिस्त आहे. फळ्यावर खडूने मोठे वर्तुळ काढणारे आमचे चित्रकलेचे मास्तर तेच सांगत असत.

रबरी टोकाचे स्वस्त पेन हे यंत्राच्या लेखी पेन नव्हेच. ते दुसरे बोट होय. टोक फार बारीक केले तर जाळीला त्याची खबरच लागत नाही, सबब ते बोटाच्या अग्राएवढे रुंद ठेवणे भाग पडते, आणि मग जेथे रेषा टेकवावयाची तीच जागा त्या टोकाखाली झाकून जाते. पारदर्शक चकती लावलेली पेने ही अडचण पुष्कळशी दूर करतात. परंतु दाबाची वार्ता या दोन्ही प्रकारांत काचेपर्यंत पोहोचत नाही, आणि तळहात टेकला की त्याचाही डाग चित्रात उमटतो. तळहाताखाली रुमालाची जाड घडी ठेवणे, हा त्यावर मला सापडलेला सर्वांत कमी खर्चाचा इलाज.

खरीखुरी चित्रपेने याहून भिन्न तत्त्वावर चालतात. १९८३ साली जपानात स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने नावारूपास आणलेल्या पद्धतीत पडद्यामागे तारांच्या वेटोळ्यांचा एक स्वतंत्र थर असतो. त्यातून निघणारे चुंबकीय क्षेत्र पेनातील लहानशा वेटोळ्याला ऊर्जा देते, पेन त्याच ऊर्जेच्या बळावर प्रत्युत्तर देते, आणि टोकावरील दाब बदलला की त्या प्रत्युत्तराचे स्वरूप बदलते. अशा पेनाला बॅटरी लागत नाही. २०२० साली आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस ६ लाइटबरोबर मिळणारे पेन याच जातीचे असून ते दाबाच्या ४,०९६ पायऱ्या ओळखते. दुसऱ्या जातीची पेने बॅटरीवर चालतात आणि काचेच्या जाळीशी स्वतःच्या सांकेतिक भाषेत बोलतात. ही भाषा कंपनीगणिक निराळी पडली, म्हणून २०१५ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन समाईक संकेत ठरविण्याचा उपक्रम हाती घेतला. तथापि एका टॅबचे पेन दुसऱ्यावर निरुपयोगी ठरण्याचे प्रकार अद्याप थांबलेले नाहीत. आणि येथे खरेदीदाराने विशेष सावध राहावे. बाजारात बॅटरीची अशीही पेने मिळतात, जी बारीक टोकातून केवळ बोटाच्या स्पर्शाचा आभास निर्माण करतात. ती अचूक असतात, सुबक असतात, पण दाब त्यांना कळत नाही. पेनात बॅटरी आहे एवढ्या दाखल्यावर पैसे मोजू नयेत. आपल्या टॅबच्या नावानिशी ते पेन चालते काय आणि दाब ओळखते काय, हे दोन प्रश्न दुकानदारास रोखठोक विचारावेत आणि शक्य तर तेथेच एक रेषा ओढून पाहावी.

आता ज्याच्यापाशी दाब ओळखणारे पेन नाही आणि ते घेण्याची ऐपतही तूर्त नाही, त्याने काय करावे? माझे उत्तर ठाणे जिल्ह्याच्याच मातीतून आलेले आहे. वारली चित्रे ज्या काडीने काढली जातात ती बांबूची, टोकाशी चावून मऊ केलेली असते. रंग म्हणजे पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ, आणि फलक म्हणजे गेरूने सारवलेली भिंत. जाड-बारीक रेषेचा विलास त्या काडीजवळ जवळजवळ नाहीच. तरीही त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन यांच्या आधारे लग्नाचा चौक, तारप्याभोवती फिरणारा नाच, शेतावरची माणसे आणि जनावरे इतक्या चैतन्याने उभी राहतात की पाहणाऱ्याचा श्वास रोखला जावा. सत्तरच्या दशकाच्या सुमारास भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले, तेव्हा परंपरेने सुवासिनींच्या हाती असलेली ही कला डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी आपल्या एकनिष्ठ ध्यासाने कागदावर आणि कापडावर आणली. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रातील माशांचे जाळे एकदा लक्षपूर्वक पाहावे. सारख्याच जाडीच्या असंख्य बारीक रेषा केवळ दाटी आणि विरळपणा यांच्या बळावर पाण्याचा विस्तार आणि खोली यांचा प्रत्यय देतात. दाबाचे काम तेथे अंतराने केलेले आहे.

हे ध्यानात आल्यावर स्वस्त पेनाची उणीव बरीचशी सौम्य होते. क्रिता, स्केचबुक, आयबिस पेंट यांसारखी विनामूल्य मिळणारी चित्रसाधने टॅबवर चालतात; त्यांत ब्रशची जाडी एकच ठेवावी आणि छाया रेषांच्या दाटीतून आणावी. चित्राचे आकारमानही आवाक्यात असावे. ए-४ आकाराचे, छपाईस योग्य असे चित्र म्हणजे २,४८० गुणिले ३,५०८, अर्थात सुमारे ८७ लक्ष बिंदू, आणि प्रत्येक बिंदूस चार बाइट धरले तर एकेका लेयरला, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांपैकी प्रत्येकाला, सुमारे ३५ मेगाबाइट स्मरणशक्ती लागते. लेयर वाढवीत गेलो की लहान टॅब मंदावतो आणि रेषा हातामागून फरफटत येऊ लागते. अभ्यासाच्या रेखाटनास याच्या निम्मी लांबी-रुंदी आणि दोन लेयर पुरेत. लेयरचा सविस्तर विचार पुढील लेखांकात करू.

त्या मुलीला घेऊन मी रविवारी सकाळी देवळाजवळच्या तळ्यावर गेलो. उन्हात काच आरशासारखी चमकू लागली, तेव्हा आम्ही सावलीची पायरी धरली. काढलेली रेषा मागे घेण्याची मुभा टॅब देतो. ती पहिला अर्धा तास वापरावयाची नाही, एवढी एकच अट मी घातली. पहिल्या चार चित्रांत पायऱ्या वाकड्या आल्या, पाचव्यात तिने पायऱ्या सोडून पाण्यावरच्या तरंगांच्या आडव्या रेषा धरल्या, काठाजवळ दाट आणि मध्याकडे विरळ; आणि पेन दाबून पाहण्याचे तिला स्मरणही राहिले नाही. दूर कसाऱ्याकडे जाणारी लोकल वाजली तेव्हा पलीकडच्या काठावरचे झाड काढावयाचे राहिलेच होते.