रक्तलेप परीक्षण

रक्तलेप परीक्षण ही काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरवून, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशींचे आकारमान, आकार, रचना व प्रमाण तपासण्याची पद्धत आहे. प्रयोगशाळांमध्ये ती ‘पेरिफेरल स्मिअर’ या नावाने ओळखली जाते. वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविका व पदवी अभ्यासक्रमांत रक्तविज्ञान या विषयात तिचे प्रात्यक्षिक शिकवले जाते. पेशींची मोजणी आता बहुतांशी स्वयंचलित यंत्रांद्वारे होत असली, तरी यंत्राने संशयास्पद ठरवलेला नमुना लेपावरच पडताळावा लागतो.

इतिहास

जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास कृत्रिम रंगद्रव्यांच्या साहाय्याने पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे ओळखण्यास सुरुवात केली. १८८० मध्ये अल्फोन्स लाव्हरां यांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी आढळले. १८९१ मध्ये द्मित्री रोमानोव्हस्की यांनी मिथिलीन ब्लू व इओसिन यांच्या मिश्रणाने पेशींचे केंद्रक जांभळे दिसते हे दाखवले. या तत्त्वावर विल्यम लेशमन यांनी १९०१ मध्ये तयार केलेला रंग भारतातील प्रयोगशाळांत आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

कृती

स्वच्छ, कोरड्या काचपट्टीच्या एका टोकापासून सुमारे १ सेंमी. अंतरावर रक्ताचा लहान थेंब ठेवतात. दुसऱ्या काचपट्टीची गुळगुळीत कड त्या थेंबाला टेकवून सुमारे ३० ते ४५ अंशांच्या कोनात एकाच सरळ गतीने पुढे नेतात. कोन वाढल्यास लेप जाड व आखूड होतो, कमी झाल्यास पातळ व लांब होतो. लेप हवेत वाळल्यावर त्यावर लेशमन रंग ओततात. रंगातील मिथेनॉलमुळे पेशी काचेवर स्थिर होतात. एक ते दोन मिनिटांनी सुमारे दुप्पट उभयप्रतिरोधी द्रावण मिसळून सात ते दहा मिनिटे ठेवतात व नंतर पट्टी धुतात. द्रावण आम्लधर्मी असल्यास लेप अति तांबडा, तर अल्कधर्मी असल्यास अति निळा दिसतो.

तपासणीसाठी तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम स्पर्श करतात असा भाग निवडतात. तेथे तेल वापरून सुमारे १,००० पट विवर्धनाखाली निदान १०० पांढऱ्या पेशी मोजून त्यांचे शेकडा प्रमाण काढतात. निरोगी प्रौढांत न्यूट्रोफिल साधारणतः ४० ते ७५ व लिंफोसाइट २० ते ४० टक्के असतात. मोनोसाइट, इओसिनोफिल व बेसोफिल यांचे प्रमाण त्याहून बरेच कमी असते.

रोगनिदानातील उपयोग

निरोगी तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो व तिचा मध्यभाग फिकट दिसतो. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान व अधिक फिकट होतात. थॅलेसेमियाच्या वाहकातही असेच चित्र दिसू शकते. त्यामुळे केवळ लेपावरून लोहाची कमतरता निश्चित करता येत नाही. ब-१२ जीवनसत्त्व किंवा फोलेट यांच्या अभावी तांबड्या पेशी मोठ्या होतात आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे खंड वाढतात. मोठे केंद्रक व त्यात केंद्रिका असलेल्या अपरिपक्व ‘ब्लास्ट’ पेशी आढळल्यास रक्ताच्या कर्करोगाचा संशय घेऊन अस्थिमज्जेची तपासणी करतात.

हिवतापासाठी पातळ लेपाबरोबर जाड लेपही तयार करतात. जाड लेपात थोड्या संख्येतील परजीवीही सापडतात, तर पातळ लेपावरून परजीवीची जाती ओळखता येते.

सिकलसेल आजारात काही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या दिसतात. विदर्भ, नंदुरबार व गडचिरोली या भागांत, विशेषतः आदिवासी समाजांत, हा आजार आढळतो. मात्र वाहक व्यक्तीचा लेप सहसा सामान्य दिसतो. विद्राव्यता चाचणीमुळे सिकल हिमोग्लोबिन असल्याचे समजते, परंतु वाहक व रुग्ण यांतील फरक स्पष्ट होत नाही; त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करतात. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असल्याने हा भेद विवाहपूर्व समुपदेशनात महत्त्वाचा ठरतो.

संभाव्य चुका

रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीएमुळे काही व्यक्तींच्या बिंबाणूंचे, म्हणजे प्लेटलेटचे, पुंजके होतात. यंत्र हे पुंजके मोजत नसल्याने बिंबाणूंची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी येते. डेंग्यूसारख्या तापात असा अहवाल विनाकारण भीती व अनावश्यक बिंबाणू संक्रमण यांना कारणीभूत ठरू शकतो. लेपाच्या कडेला पुंजके दिसल्यास सोडियम सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजणी करतात आणि द्रावणामुळे झालेल्या विरलनासाठी आलेल्या संख्येला १.१ ने गुणतात. नमुना बराच वेळ ठेवल्यासही पेशींची रचना बिघडते. म्हणून रक्त घेतल्यापासून शक्यतो दोन तासांच्या आत लेप तयार करणे इष्ट मानले जाते.