छायाचित्रांची स्थिर दालने
छायाचित्रसंग्रहाची वेबसाइट दोन प्रकारे चालवता येते. एका प्रकारात पाहणाऱ्याने पान मागितले की सर्व्हरवरील प्रोग्राम त्याच क्षणी डेटाबेसमधून चित्रांची माहिती काढतो, पान जुळवतो आणि पाठवतो. दुसऱ्या प्रकारात सगळी पाने संग्राहकाच्या संगणकावर आधीच रचून ठेवलेली असतात आणि सर्व्हरला तयार फाइल उचलून देण्यापलीकडे काही करावे लागत नाही. या दुसऱ्या प्रकाराला स्थिर संकेतस्थळ म्हणतात. ज्या संग्रहात वर्षातून मोजक्याच वेळा भर पडते, पण जो वीस वर्षांनीही उघडावा अशी अपेक्षा असते, त्याच्यासाठी हाच मार्ग निःसंशय योग्य आहे, कारण सतत अद्ययावत ठेवावे लागणारे प्रोग्राम आणि डेटाबेस त्यात मुळी नसतातच. मूळ चित्रांचा फोल्डर शाबूत असला की बाकी सारे पुन्हा घडवता येते.

पाने रचण्याचे काम स्क्रिप्ट, म्हणजे दिलेल्या आज्ञा क्रमाने पार पाडणारा छोटा प्रोग्राम, करते. पायथन भाषेतील ‘सिगल’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. फोल्डरांची रचना हीच अल्बमांची रचना मानून ते एकेक फोल्डर वाचत जाते, अल्बमचे शीर्षक व वर्णन त्याच फोल्डरातील साध्या मजकुराच्या फाइलमधून घेते आणि ही माहिती ‘जिंजा’ या साचाप्रणालीच्या स्वाधीन करते. साचा म्हणजे बदलत्या मजकुराच्या जागा मोकळ्या सोडलेले एचटीएमएल पान: दुहेरी महिरपी कंसांत जे नाव लिहिले असेल त्याच्या जागी प्रत्यक्ष मजकूर उमटतो, आणि महिरपी कंसाला टक्क्याचे चिन्ह जोडून लिहिलेल्या आज्ञेने ‘प्रत्येक चित्रासाठी हा भाग पुन्हा लिही’ असे सांगता येते. त्यामुळे शेकडो पानांची मांडणी बदलायची असली तरी हात एकाच साच्याला लावावा लागतो. आर्मिन रोनाखर यांनी घडवलेल्या जिंजात एक गोष्ट नवख्याच्या ध्यानात सहसा येत नाही: चित्राखालच्या ओळीत ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह आले तर ब्राउझर त्याला एचटीएमएलची खूण समजू शकतो, आणि अशी चिन्हे निरुपद्रवी करण्याची सोय जिंजात असली तरी ती मुळात बंद असते, सांगून चालू करावी लागते.

वेळ मात्र पानांपेक्षा चित्रांवर अधिक खर्च होतो. 6000 बाय 4000 बिंदूंचे छायाचित्र डिस्कवर काही मेगाबाइटच भरते, पण उलगडल्यावर प्रत्येक बिंदूला 3 बाइट या हिशेबाने 72 मेगाबाइट जागा व्यापते, आणि एवढे सारे उलगडून त्यातून बोटभर लघुचित्र काढणे ही उधळपट्टी ठरते. जेपेग पद्धतीत चित्र 8 बाय 8 बिंदूंच्या चौकटींत साठवलेले असल्यामुळे चौकटीतील बारीक तपशील न उलगडता थेट एक-अष्टमांश मापाचे, म्हणजे 750 बाय 500 बिंदूंचे, चित्र काढता येते; पायथनची ‘पिलो’ ही लायब्ररी लघुचित्र करताना हीच सुंदर युक्ती वापरते.

कॅमेरा उभा धरला तरी बिंदू बहुधा आडव्याच क्रमाने लिहिले जातात, आणि चित्र कसे वळवून पाहावे हे फाइलमधील एक्झिफ नावाच्या नोंदीत 1 ते 8 पैकी एका आकड्याने सांगितलेले असते. 6 म्हणजे घड्याळाच्या दिशेने काटकोनात वळवावे. लघुचित्र नव्याने लिहिताना ही नोंद गळाली आणि बिंदूही वळवलेले नसले, तर उभा दीपस्तंभ पानावर आडवा पडतो, म्हणून आधी वळवणे आणि मगच नोंद टाकून देणे हा क्रम पाळावा लागतो. याच नोंदीत अनेकदा अक्षांश-रेखांशही असतात. घरी काढलेल्या चित्रातून घराचा ठावठिकाणा जगजाहीर होऊ नये यासाठी नोंद टाकून देणे हिताचेच असते, परंतु मूळ फाइलही डाउनलोडसाठी ठेवली असेल तर ही काळजी वाया जाते.

प्रत्येक वेळी सगळी चित्रे नव्याने करावी लागू नयेत म्हणून स्क्रिप्ट मूळ फाइल आणि तिच्यापासून केलेली फाइल यांच्या वेळा ताडून पाहू शकते. 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी रचलेल्या ‘मेक’ या साधनाचे तत्त्व हेच होते.

मराठी नावांच्या अल्बमांपुढे याहून नाजूक अडचण उभी राहते. पानाचा पत्ता शीर्षकावरून तयार करताना अनेक स्क्रिप्ट ‘शब्दात येणारी अक्षरे तेवढी ठेव’ असा नियम लावतात, आणि पायथनच्या अंगभूत नियमात स्वरचिन्हे व हलन्त यांची गणना अशा अक्षरांत होत नाही. त्यामुळे ‘मळा’ आणि ‘मेळा’ या दोन्ही अल्बमांचा पत्ता ‘मळ’ असाच उरतो, आणि स्क्रिप्टने पुनरुक्ती तपासली नाही तर दुसरे पान पहिल्यावर बिनबोभाट लिहिले जाते. यावर उपाय म्हणजे युनिकोडमधील चिन्हांचे वर्गही नियमात घेणे, आणि कोणतीही फाइल लिहिण्यापूर्वी त्या नावाचे पान याच फेरीत तयार झाले आहे का हे पाहून, झाले असल्यास काम तेथेच थांबवून दोन्ही अल्बमांची नावे दाखवणे.