फ्रेंचमधले प्राणी: नाव आणि लिंग एकदमच

फ्रेंचमध्ये प्राण्याचं नाव सुटं पाठ करू नये. पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ लावूनच करावं. या भाषेत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपलं ‘ते कासव’ तिथे ‘ला तोर्त्यु’, म्हणजे स्त्रीलिंगी. बेडूक आणि उंदीरही स्त्रीलिंगीच: ‘ला ग्रनुय’, ‘ला सुरी’. बेडूक नर असला तरी ‘ला’ बदलत नाही. मराठी माणसाची जीभ इथेच अडखळते.

अनेकवचन कानाने टिपावं: घोडा ‘शव्हाल’, घोडे ‘शव्हो’.

सर्वांत सुरस कहाणी कोल्ह्याची. त्याचं जुनं फ्रेंच नाव ‘गुपी’. बाराव्या शतकापासून रचल्या गेलेल्या कथांमधला ‘रनार’ नावाचा लबाड कोल्हा इतका लोकप्रिय झाला, की त्याचं विशेषनाम सगळ्या जातीलाच चिकटलं आणि ‘गुपी’ मागे पडलं.

सरावासाठी फ्रेंच कवी ला फोंतेनच्या पद्य प्राणिकथा जरूर वाचाव्यात. पहिला संग्रह १६६८चा. १६७८च्या दुसऱ्या संग्रहाच्या आरंभी त्याने ‘पिल्पे’ या भारतीय ज्ञानी पुरुषाचं ऋण मानलं आहे. पंचतंत्रातल्या बडबड्या कासवाची गोष्ट त्याच्या कथांमध्ये फ्रेंचमधून भेटते.